टाचेखालचा कागद

प्रशिक्षणाला गेलं की पहिल्यांदा फुगा देतात. फुगवायचा, त्यावर आपली एक भीती लिहायची आणि मग सगळ्यांनी मिळून टाचणीनं फोडायचा. म्हणजे भीती गेली. चाळिशी उलटलेल्या आम्ही बाया, बीपीच्या गोळ्या पर्समध्ये घेऊन, गाल फुगवून फुगे फुगवतो आणि वर खिदळतोसुद्धा. मी फुग्यावर दरवेळी ‘ऑर्डर’ लिहिते. फुगा फुटतो, ऑर्डरची भीती तिथंच असते.

मी विशेष शिक्षिका, फिरती. म्हणजे माझी स्वतःची अशी शाळा नाही. तालुक्यातल्या ज्या शाळेत दिव्यांग लेकरू असेल ती माझी शाळा, आणि ज्या लेकराला शाळेत येणं जमत नाही त्याच्या घरची ओसरी हाही माझाच वर्ग. नेमणूक कंत्राटी. दरवर्षी नवी ऑर्डर निघते, ती निघेस्तोवर जीव टांगणीला. शिक्षण घेतलं ते बहिऱ्या मुलांना शिकवायचं. पण फिरतीवर तुम्हाला कोण विचारतो? आंधळं असो, मंद असो, हातापायानं अधू असो, सगळी लेकरं तुमचीच. उरलेलं प्रशिक्षणात शिकून घ्यायचं.

ती मुलगी मला भेटली तेव्हा पहिलीत होती. कोहमाऱ्याच्या चौकातून आत वळलं की नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेकडेनं रस्ता जातो, तिथलं गाव. बाप चौकातल्या धाब्यावर तंदूरवर रोट्या लावायचा. माय मजुरीला जायची. जन्मतः मेंदूला मार बसलेला, त्यामुळे दोन्ही पाय ताठ. ती चवड्यावर उभी राहायची, तीही भिंत धरून. टाच काही जमिनीला लागत नसे. पण डोकं? बाप्पा! अख्ख्या वर्गाचे पाढे तिला पाठ आणि अख्ख्या गावाची भांडणंही.

शाळा दोन शिक्षकांची. तिथले गुरुजी भला माणूस. परिपाठाच्या वेळी तिला पायरीवर बसवायचे आणि ‘सावधान, विश्राम’ची ऑर्डर द्यायला सांगायचे. आवाज असा खणखणीत की नहरापलीकडे रोवण्यात, धानाची रोपं लावत वाकलेल्या बाया माना वर करायच्या. मी पहिल्यांदा ते ऐकलं आणि तिचं कौतुक केलं, तर तिनं मलाच झापलं.

“कायले वा वा करता, मॅडम? बसून कोनी सावधान म्हनते का?”

तिला उभं राहून ऑर्डर द्यायची होती. पोरांच्या समोर, भिंत न धरता. एवढंच तिचं मागणं. त्यानंतर दर गुरुवारी मी गेले की पहिला प्रश्न ठरलेला, “कधी उभी करता?”

तेव्हा तालुक्याला एक थेरपिस्ट सर होते. माझ्यासारखेच कंत्राटी, वयानं लहान, आठवड्यातून एकदा यायचे. मला या पायांतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्यांनी माझ्याच पायावर दाखवून शिकवलं, पोटरी कशी धरायची, टाच कशी खाली ओढायची, किती वेळ थांबायचं. म्हणाले, “मॅडम, खरा खेळ टाचेचा आहे. टाच जमिनीला लागली तर पोरगी उभी राहील. वाढीच्या वयात टाच वर राहिली आणि नस आखडून गेली, मग बूट द्या नाही तर काही द्या, उपयोग नाही.”

मापायला यंत्र नव्हतं, मग त्यांनी एक युक्ती सांगितली. मुलीला भिंतीला पाठ लावून उभं करायचं, टाचेखाली कागद सरकवायचा आणि ओढायचा. सुळकन आला तर टाच हवेत. अडला तर टेकली. घरात बाकी काही नसलं तरी कागद असतोच.

मी जुन्या हजेरीपत्रकाची पानं घेऊन जायला लागले. मायला व्यायाम शिकवला. ती बाई पहाटे चुलीआधी लेकीचे पाय हातात घ्यायची. अंगणात बसून, मोजून, एकही दिवस न चुकवता. बुद्धाच्या फोटोखालची भिंत आम्ही मापाला ठरवली होती, कारण तिथली जमीन सपाट होती. दर गुरुवारी कागद सुळकन यायचा. मी म्हणायची, “थोडा अडला बरं का आज.” खोटं असायचं. मायला कळायचं.

असं वर्षभर गेलं असेल. एका गुरुवारी मी कागद ओढला आणि तो आला नाही. पुन्हा ओढला. पोरगी वरून ओरडायला लागली, “ओढा ना मॅडम, ओढा! दम नाई का?” मी जोर लावला तर कागद टरकन फाटला. अर्धा माझ्या हातात, अर्धा तिच्या टाचेखाली. मायनं पदर तोंडाला लावला. मी तर सरळ रडले, नोकरीत पहिल्यांदा. तो फाटका तुकडा मी पर्समध्ये ठेवला.

त्याच हिवाळ्यात मोजमाप शिबिर झालं. सरांनी स्वतः बसून तिच्या पायाची मापं दिली. गुडघ्यापर्यंत येणारे पट्ट्यांचे बूट, कॅलिपर, मिळणार होते. सर म्हणाले, “बूट आले की चारेक महिन्यांत ही भिंत सोडते बघा.” ते ऐकून पोरीनं शाळेत जाहीर करून टाकलं की पंधरा ऑगस्टची ऑर्डर आपण उभ्यानं देणार.

उन्हाळ्यात सरांची ऑर्डर निघाली नाही. का नाही निघाली, कोणालाच ठाऊक नव्हतं. ते दोन महिने थांबले आणि मग रायपूरला खासगी दवाखान्यात लागले. त्यांची जागा रिकामी ती आजही रिकामीच. कागदावर ते पद आहे, आढाव्यात दरवेळी ‘रिक्त’ असं वाचून दाखवतात आणि पुढच्या मुद्द्यावर जातात.

पंधरा ऑगस्ट आला, बूट नाही आले. पोरगी पायरीवर बसूनच ओरडली. माझ्याकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

बूट आले दुसरा पावसाळा तोंडावर आला तेव्हा. मधल्या काळात तिचा गणवेश दोनदा आखूड झाला होता. पाय काय बुटांसाठी थांबतात? पण मला ते सुचलं नाही. खरंच नाही सुचलं. मी आनंदात होते. मायला निरोप पाठवला, बापाला धाब्यावर जाऊन सांगितलं, त्यानं मला बळेच चहा पाजला.

वाटप तालुक्याला, मांडव घालून. सत्कार, भाषणं, नारळ. लेकरं सकाळपासून खुर्च्यांवर ताटकळलेली. दुपारनंतर खोकी उघडली. साहित्य घेऊन आलेला माणूस हिंदी बोलणारा, घाईत. त्यानं तिचे बूट काढले आणि घालून पाहिले. टाच आतपर्यंत जाईचना. मी म्हटलं, हे लहान आहेत. तो म्हणाला, “मैडम, नाप तो आप ही लोगों का है. अभी पहना दो, फोटो ले लो, बाद में देखेंगे.”

मी आणि तो, दोघांनी मिळून पाय आत दाबला. पट्ट्या आवळल्या. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून हूं की चूं नाही. उलट म्हणाली, “चालते मॅडम, चालते.” फोटो उभ्यानंच हवा होता. मी तिला उभं केलं आणि मागून फ्रॉक मुठीत धरला. मोबाईलवाला ओरडला, “मैडम, आप फ्रेम में मत आओ!” मग मी तिच्या मागं उकिडवी बसले, फ्रॉक तसाच मुठीत. तिनं समोर मांडवभर माणसं पाहिली, हात बाजूला ताठ केले आणि अशी काही “सावधान!” म्हणून ओरडली की बसलेले दोन पाहुणे दचकून उभे राहिले. सगळा मांडव हसला. फोटो निघाला.

आता माझं पाप सांगते. मोबाईलवर त्या साहित्याची नोंद करायची होती. दोनच पर्याय होते, ‘वितरित’ आणि ‘परत’. ‘परत’ दाबलं की तिथं थेरपिस्टची सही असलेला दाखला जोडा म्हणून यायचं. थेरपिस्ट कुठाय? रायपूरला. नोंद तशीच सोडली असती तर ‘प्रलंबित’ राहिली असती. आणि गटावर सकाळपासून मेसेज फिरत होता की संध्याकाळपर्यंत सगळ्या नोंदी पूर्ण हव्यात, ज्यांच्या प्रलंबित राहतील त्यांनी समक्ष येऊन खुलासा द्यावा. ऑर्डरचे दिवस होते. दुसऱ्या दिवशीपासून गोंदियाला पाच दिवसांचं प्रशिक्षणही होतं. मी ‘वितरित’ दाबलं. कोणी माझा हात धरून दाबायला लावलं नाही. मीच दाबलं.

निघताना माय म्हणाली, “बाईजी, पाय लय घट्ट होऊन राहिला जी.”

मी स्कूटीला किल्ली लावत होते. म्हटलं, “नवीन आहे ना, सवय होईल. रोज थोडा थोडा वेळ घालत जा.”

“हाव जी,” ती म्हणाली.

माझ्या शब्दाखातर जी बाई पहाटे अंधारात उठून पोटऱ्या ओढायची, तिला मी हे सांगून गेले.

गोंदियाच्या त्या प्रशिक्षणाचा विषय, ऐकलं तर हसाल, नेमका हाच होता. ताठ स्नायूंची मुलं आणि त्यांची साधनं. शिकवणाऱ्या बाई नागपूरच्या होत्या, चांगल्या होत्या, मन लावून शिकवत होत्या. तिसऱ्या दिवशी पडद्यावर एक चित्र आलं. त्यात साधनाचा दाब पडून लाल झालेला पाय होता. बाई म्हणाल्या, लाली थोड्या वेळात गेली नाही तर साधन लगेच काढायचं, सवय होईल म्हणून घालत राहायचं नाही, जखम होते. मी ते वहीत लिहून घेतलं. खाली रेघ मारली. लाल पेनानं. आणि मला आठवलं, हो, आठवलं! वाटलं, तिच्या बापाला फोन करून सांगावं. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. रांग मोठी होती, मैत्रिणी भेटल्या, कोणाची ऑर्डर निघाली कोणाची नाही हे सुरू झालं. जेवणानंतर गटकार्य होतं, तक्ता रंगवायचा होता. आमच्या तक्त्याला पहिला नंबर मिळाला. फोन राहून गेला.

ती वही माझ्याकडे आहे. ती रेघही आहे. कधी कधी काढून बघते आणि स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

प्रशिक्षणाहून आले तर ऑनलाइन माहितीचं काम लागलं. मग त्याच प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा. गुरुवारामागून गुरुवार गेले. तिच्या ओसरीवर पोचले तेव्हा ती खाटेवर होती आणि पायाला हळद लावून फडकं बांधलं होतं. फडकं सोडलं. घोट्याच्या हाडावर जखम, रुपयाएवढी, खोल. दुसऱ्या पायाला लहान. 

“काऊन काढले नाही बूट?” मी ओरडले. मायवर ओरडले, काय माझी हिंमत!

माय खालच्या आवाजात म्हणाली, “तुमीच तं म्हनलं, सवय होते.”

 नंतर गुरुजींकडून कळलं, पोरगी दुखतं म्हणून मुळी सांगतच नव्हती. बूट घालून शाळेत यायची, पायरीजवळच्या भिंतीला टेकून उभं राहायचा सराव करायची. पंधरा ऑगस्ट जवळ आला होता.

ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, जखम भरेस्तोवर पायावर भार नको, ओढाताण नको. म्हणजे उभं राहणं बंद आणि व्यायामही बंद. पावसाचे दिवस. जखम सुकता सुकेना. तिकडे रोवण्याची गर्दी, माय गेली नाही तर चालत नव्हतं. पोरगी दिवसभर खाटेवर, पाय लोंबते, पंजे खाली. मी जायची, ड्रेसिंग करायची, गोष्टी सांगायची. तिला गोष्टी नको होत्या. दोन महिने गेले.

जखम भरली त्या गुरुवारी आम्ही तिला पुन्हा बुद्धाच्या फोटोखाली उभं केलं. मी कागद सरकवला. ओढायची गरजच पडली नाही. दारातून वारा आला आणि कागद आपला आपण बाहेर आला. माय बघत होती, पोरगी बघत होती. यावेळी मी ‘थोडा अडला’ असं म्हणाले नाही.

मग मी धावपळ केली, नाही केली असं नाही. नव्या बुटांसाठी अर्ज भरला. तर यंत्रणेत तिच्या नावापुढं हिरवी खूण, लाभ दिलेला आहे. आता काही वर्षं ते नाव घेत नाहीत. कार्यालयात गेले. साहेब शांतपणे म्हणाले, “मॅडम, नोंद तुमच्याच लॉगिनवरून आहे. फोटो आहे. मुलगी उभी आहे. आता बसत नाही म्हणून कसं लिहू?” त्यांचं काय चुकलं? 

नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी सुट्टी टाकून सोबत गेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून नस सैल करता येईल, पण नंतर सहा-आठ महिने रोज थेरपी पाहिजे, जाणकार माणसाच्या हातून, नाही तर पाय आधीपेक्षा वाईट होईल. “तुमच्या तालुक्यात थेरपिस्ट आहे ना?” बापानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिले. शेवटी बापच म्हणाला, “होते जी एक.” परतीच्या एसटीत पोरगी खिडकीतून ट्रक मोजत होती.

यालाही आता वर्ष होऊन गेलं. माझी ऑर्डर निघाली, दरवर्षी निघते तशी. प्रशिक्षणंही चालूच आहेत. मागच्या महिन्यात पुन्हा गोंदियाला गेले. फुगा झाला, पूर्वचाचणी झाली. दुपारी ‘यशोगाथा’ नावाचं सत्र होतं, जिल्ह्यातली चांगली कामं दाखवायची. दिवे मंद केले. पहिला फोटो आला, दुसरा आला, आणि तिसरा तिचा.

मांडव, मागं बॅनर, ती ताठ उभी, हात बाजूला, तोंड उघडं, डोळे चमकत आहेत. खाली लिहिलेलं, ‘आता मी माझ्या पायावर उभी आहे.’ नाव माझ्या तालुक्याचं. मला उठून उभं राहायला सांगितलं. सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मी उठले. हात जोडले. वाटलं, सांगावं, अहो बंद करा ते, ती उभी नाही हो, ती खाटेवर आहे, मी तिला मोडलं. पण समोर साहेब बसलेले, ऑर्डरवर सही करणारे. मी हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते. बसल्यावर शेजारीण कानात म्हणाली, “नशीबवान आहेस गं, एवढी चांगली केस मिळाली.”

त्या गुरुवारी मी जाणारच नव्हते. पण न जाऊन करते काय? गेले. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. आता पाचवीत आहे, शाळा गावाबाहेरची लागली, म्हणून घरीच असते. ऑर्डर आता दुसरं कोणीतरी देतं. पाय गुडघ्यात वाकलेले, एकमेकांवर चढलेले. मी पुस्तकं काढली. ती म्हणाली, “गुरुजींच्या मोबाईलवर पाह्यलं मी. तुमच्या ट्रेनिंगात माया फोटू दाखवला म्हने.”

“हो.”

“मोठ्या पडद्यावर?”

“हो, भिंतीएवढ्या.”

“लोकाइनं का केलं मंग?”

“टाळ्या वाजवल्या.”

ती खूश झाली. खरंच खूश झाली, लपवता आलं नाही तिला. माय आत चुलीशी होती, तिचा हात थांबल्यासारखा वाटला.  मग पोरीनं माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, तिच्या त्या नेहमीच्या रोखठोक आवाजात, “मंग तुमी सांगितलं का त्याइले, मांगून फ्राक धरून होते म्हून?”

मी पुस्तक उघडलं. पान सापडेना.

“नाही,” मी म्हटलं. “नाही सांगितलं.”